जात्याखालची चिमणी

शिवरामभाऊ आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बसा म्हटलं तरी बसले नाहीत. पाण्याचा तांब्या पुढे केला तर तो तसाच हातात धरून ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वैनी, जातं कुटं हाय तुमचं?"

चिंचवडात बिऱ्हाड करून आम्हाला महिनाही झाला नव्हता. तिला वाटलं, इकडची काहीतरी रीत असेल. तिनं कोपऱ्याकडे बोट दाखवलं. शिवरामभाऊंनी जात्याला हात लावून नमस्कार केला, खुंटा धरून वरची तळी उचलून बाजूला ठेवली, मग खालची तळी दोन्ही हातांनी उलटी केली आणि तिच्या खालच्या अंगावरून बोटं फिरवत, डोळे बारीक करून बघत बसले. सकाळचं उरलेलं पीठ त्यांच्या मिशांवर, टोपीवर आणि माझ्या एकुलत्या एक इस्त्रीच्या शर्टावर उडालं.

"न्हाई," ते म्हणाले. "हे न्हाई आपलं." मग दोन्ही तळ्या होत्या तशा बसवल्या, पुन्हा नमस्कार केला, हात झटकले आणि प्रसन्न चेहऱ्यानं म्हणाले, "आता च्या चालंल."

ते गेल्यावर बायकोनं मला विचारलं, "हे गृहस्थ तुमच्या कंपनीत काय काम करतात?"

"दरवान आहेत."

"मग माणसांनाही आत सोडण्याआधी असंच उलटं करून बघतात का?"

तिनं चिडून विचारलं होतं, पण खरं तर ते अगदी तसंच करत.

तेव्हा पिंपरीला कारखाने नुकते उभे राहत होते. आमच्या कारखान्याला पुरती भिंतसुद्धा नव्हती, पण फाटक होतं आणि फाटकात शिवरामभाऊ होते. नगर, सातारा, बीड, कोकण, जिथून तिथून माणसं कामाला येत. दुसऱ्या कुठल्याही दरवानानं नाव विचारून आत सोडलं असतं. शिवरामभाऊ नाव विचारत, मग गाव विचारत, मग मान तिरकी करून म्हणत, "ते ऱ्हायचं गाव झालं. मूळ गाव कुठलं?" मूळ गाव सांगितलं की आजा कुठला, आजी कुणाच्या घरची, कुलदैवत कोणतं. तोवर मागे रांग लागलेली असे आणि भोंगा होऊन गेलेला असे. टाइम ऑफिसात कारकून मी, म्हणून उशिराचे शेरे मलाच मारावे लागत, आणि शेऱ्यावर कारण विचारलं की लोक सांगत, "फाटकावर आजोबा आठवत नव्हते."

एकदा एक गोरा इंजिनियर यंत्रं बसवायला आला. शिवरामभाऊंनी मला बोलावून घेतलं. "भाऊसाहेब, ह्यास्नी इचारा, आजा कुठला?" मी घाबरत घाबरत विचारलं. तो माणूस आधी गोंधळला, मग असा काही खुलला की अर्धा तास आपल्या जोडे शिवणाऱ्या आजोबांबद्दल बोलत राहिला, आणि जाताना त्यानं शिवरामभाऊंचा हात हातात घेऊन हलवला. आमच्या मोठ्या साहेबाशी तो तितकं कधी बोलला नाही.

कँटीनमध्ये दोन फिटर एकमेकांची गचांडी धरून भिडले होते, तिथे शिवरामभाऊ शिरले आणि दोघांच्या आज्या सख्ख्या बहिणी असल्याचं त्यांनी जागच्या जागी सिद्ध केलं. दोघांनी मिठी मारली. सगळ्यांचे डोळे पाणावले. मग त्यांतल्या एकाला आठवलं की त्या आज्यांपैकी एकीच्या लग्नात त्याच्या घरच्यांना मानाचं उपरणं मिळालं नव्हतं, आणि भांडण पुन्हा सुरू झालं. पहिलं चमच्यावरून होतं. दुसरं दिवाळीपर्यंत चाललं.

हे सगळं ते तोंडच्या बोलण्यावर करत नसत. "आपल्याकडं सांगोवांगी चालत न्हाई, राव. नोंद पायजे," हे त्यांचं पालुपद होतं. रविवार आला की सायकलीला हवापंप बांधून ते निघत. कधी वाकड-हिंजवडीच्या वस्त्यांवर, कधी मोशी, चाकण, पार खेडपर्यंत. गावात शिरले की आधी पाटलाच्या ओसरीवर बसून जन्ममरणाची जुनी नोंद काढायला लावत, मग देवळाच्या पायऱ्यांवर कोरलेली नावं बघत, आणि शेवटी घरोघरी जाऊन जाती उलटी करत. मोशीला एका बाईनं त्यांना चोर समजून मुसळ घेऊन गल्लीभर पळवलं होतं. ही हकिकत तेच रंगवून सांगत आणि वर म्हणत, "पर तिचं जातं बघून मगच पळालो."

कारण असं होतं, की शिवरामभाऊंचे वडील, राणबा, हे जात्याला टाकी लावणारे होते. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की ते धान्य नुसतं घोळवतं. मग छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा बारीक टाके घालावे लागतात. राणबा ते काम करत गावोगाव हिंडत. पुण्या-नाशकाच्या रस्त्यानं वर जात, उतरत, पावसाळ्याला घरी येत. काम झालं की खालच्या तळीच्या पोटाला, जमिनीकडच्या अंगाला, छिन्नीच्या तीन ठोक्यांत चिमणीच्या पायाचा ठसा उमटवत. तिथे तो झिजत नाही आणि घरधनिणीला दिसतही नाही. ती त्यांची सही.

शिवराम रांगत असताना एका दिवाळीनंतर राणबा हत्यारांची पिशवी घेऊन निघाले ते परत आलेच नाहीत. पावसाळा आला, गेला. असे कितीतरी गेले.

मागे राहिली शिवरामभाऊंची आई, सरूबाई. मी तिला पाहिलं तेव्हा ती सत्तरीला टेकली होती, पाठीत वाकली होती, आणि कपाळावर रुपयाएवढं ठसठशीत कुंकू होतं. त्या कुंकवावरून कुरुळीत, म्हणजे त्यांच्या गावात, दोन तट होते. कुणी तिला हळदीकुंकवाला बोलावत, कुणी मुद्दाम वगळत. "नवरा गेल्याला जमाना झाला, ही म्हातारी कुणाच्या नावानं लावती?" असं पाणवठ्यावर तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत. गावच्या भटजींनी एकदा तोडगा सांगितला होता. बारा वर्षांत माणसाचा पत्ता लागला नाही तर दर्भाचं माणूस करून त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे सगळं रीतसर होतं. तेव्हा शिवराम विशीतला होता. तो म्हणाला, "गवताचा बाप जाळू? नोंद कुटाय?"

त्या दिवसापासून त्यांनी हा शोध हातात घेतला होता. बाप जिवंत असेल तर कुठे आहे ते शोधायचं, गेला असेल तर कुठे गेला ते. तोवर आईच्या कुंकवाला कुणी बोट लावायचं नाही. दरवर्षी पितृपक्षात ते बापाच्या नावानं पानही वाढत नसत आणि तीर्थालाही जात नसत. "जित्या मानसाला पान वाढलं तर अपमान, मेलेल्याला न्हाई वाढलं तर उपाशी. म्हनून आधी नोंद," असं त्यांचं सरळ गणित होतं. आणि सापडेल की नाही अशी शंका त्यांना कधी शिवली नाही. "माझा बाप दगडावर सही करून गेलाय, भाऊसाहेब. कागदावर करणारे हरवत्यात. ह्यो सापडनार."

माझ्यावर त्यांचा लोभ जडला तो मला मोडी वाचता येई म्हणून. पाटलांच्या घरचे जुने कागद मोडीत असत. शिवरामभाऊंना बाळबोध वाचता येई, मोडी नाही. मग माझे रविवारही त्यांच्या सायकलीमागे जाऊ लागले. कितीतरी ठिकाणी चिमणीचे पाय सापडले. ते सापडलं की शिवरामभाऊ तळीवरून अंगठा फिरवत आणि घरच्या बाईला अभिमानानं सांगत, "आमच्या बाबांचा हात लागलाय ह्याला. सांभाळा." घरी गेल्यावर म्हातारी दारातच विचारी, "आज कुटं भेटला?" आणि हे सांगत, "चाकणात भेटला, आय. लई झ्याक टाकी लावलीय जात्याला." एवढ्यावर दोघांची जेवणं गोड होत. पण जातं सांगणार काय? माणूस तिथे आला होता, एवढंच.

नाशिकलासुद्धा ते एकदा जाऊन आले होते. तिथले तीर्थाचे उपाध्ये प्रत्येक गावाच्या वह्या ठेवतात. गावातलं कुणीही गोदावरीवर आलं की त्याचं, बापाचं, आजाचं, बायकामुलांचं नाव त्या गावाच्या वहीत चढतं. त्यांनी कुरुळीची वही चाळून घेतली होती. राणबाचं नाव नव्हतं. "म्हंजी बाप नाशकाला गेलाच न्हाई," असा निकाल देऊन त्यांनी ते प्रकरण बंद केलं होतं.

एकदा सरूबाई आमच्याकडे आली होती. माझी बायको दळायला बसली तशी म्हातारी समोर बसली आणि खुंट्याला हात लावून तिच्याबरोबर दळू लागली. बोलता बोलता म्हणाली, "माज्या सासऱ्यानं ओतूर सोडलं तवा एक जातं तेवढं संगं आनलं व्हतं."

मी आतून बाहेर आलो. "आजी, ओतूर कुणाचं?"

"आमचंच की. आमी मूळचे ओतूरचे. कुरुळीत पोटापायी आलो."

मी शिवरामभाऊंकडे पाहिलं. ते अंगणात पिठाचा डबा घेऊन उभे होते.

"शिवरामभाऊ," मी म्हटलं, "नाशकात तुम्ही कुठल्या गावाची वही बघितली?"

"कुरुळीची. ऱ्हातो कुरुळीत."

"ते राहायचं गाव झालं. मूळ गाव कुठलं?"

इतकी वर्षं फाटकात उभं राहून हजारो लोकांना विचारलेला प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांच्या हातातला डबा तिरका झाला. नंतर आईकडे वळून ते म्हणाले, "आय, आदी न्हाई सांगितलंस?"

"सांगितलं व्हतं की," म्हातारी दळता दळताच म्हणाली. "दोनदा सांगितलं. तू म्हनलास, नोंद कुटाय."

माझी बायको जातं थांबवून इतकी हसली की तिला ठसका लागला. शिवरामभाऊसुद्धा हसले, पण जरा उशिरानं.

पुढच्याच रविवारी आम्ही एस.टी.नं नाशिकला गेलो. रस्त्यानं प्रत्येक गाव आलं की ते खिडकीतून बोट दाखवून सांगत, इथे दोन जाती, तिथे एक. ओतूरचे उपाध्ये पंचवटीत एका बोळात राहत. म्हातारे, डोळ्यांनी अधू. त्यांनी लाल बासनातली लांबलचक वही काढली आणि मोडी आहे म्हणून ती माझ्यासमोर सरकवली.

फार शोधावं लागलं नाही. मी वाचू लागलो. राणबा, बापाचं नाव, आजाचं नाव, धंदा जात्यास टाकी लावणे. बायको सरू. मुलगा शिवराम, लहान. खाली लिहिलं होतं, निशाणी हातची, आणि शेजारी शाईत तीन रेघा, चिमणीचा पाय. लिहिता न येणारी माणसं आपल्या धंद्याची खूण काढत, तशी त्यानं आपली काढली होती.

शिवरामभाऊंनी त्या तीन रेघांवर अंगठा ठेवला, दगडावर ठेवत तसा. "सापडला," ते म्हणाले. "म्हनलो व्हतो न्हवं, सापडनार!"

पण त्या ओळींच्या खाली आणखी दोन ओळी होत्या, वेगळ्या शाईत, वेगळ्या हाताच्या. मला त्या वाचायच्या नव्हत्या. शिवरामभाऊ म्हणाले, "वाचा की." मी वाचल्या. सदर राणबा सिन्नरच्या वाटेवर तापानं मयत. अस्थी बरोबरच्या इसमानं आणून गंगेत सोडल्या. घरी मीच कळवतो म्हणून तो इसम सांगून गेला.

तो इसम कुरुळीला कधी पोचला नाही.

"परत वाचा," शिवरामभाऊ म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. उपाध्यांना दक्षिणा दिली, पाया पडले आणि नदीवर जाऊन गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभे राहिले. परतीच्या गाडीत एकाही गावाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.

कुरुळीला पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. म्हातारी दारातच होती. मी मनात म्हणत होतो, आता हा माणूस हे कसं सांगणार? आणि सांगितल्यावर शेजारच्या बायका येतील, तिचं कपाळ पुसतील, बांगड्या फोडतील, ह्या वयात.

"मिळाली का नोंद?" तिनं विचारलं.

"मिळाली, आय," शिवरामभाऊ नेहमीच्या खणखणीत आवाजात म्हणाले. "बाबा नाशकाला आलं व्हतं. आपल्या घरादाराची नावं लिवून गेल्यात. माजं हाय. तुजं बी हाय."

"माजं?" म्हातारी दोन पावलं पुढे आली. "माजं नाव घितलं त्यांनी? परक्या मानसाम्होरं? तोंडानं?"

"व्हय. सरू म्हनून सांगितलंय. भाऊसाहेबांनी वाचलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सत्तर वर्षांच्या त्या बाईनं पदर तोंडाला लावला आणि नव्या नवरीसारखी लाजून आत पळाली. आतून तिचं हसणं ऐकू येत होतं. "कवा म्हनून नाव घितलं न्हाई हितं," ती चुलीशी बोलत होती. "तितं जाऊन घितलं!"

अंगणात शिवरामभाऊ माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "जेवढं सांगितलं तेवढं नोंदीतलंच हाय, भाऊसाहेब."

"हो," मी म्हटलं.

पुढच्या रविवारी सायकलीला हवापंप बांधून ते पुन्हा निघाले. मला वाटलं होतं की आता हे थांबेल. पण ते जाती उलटी करत राहिले, पाटलांशी हुज्जत घालत राहिले, आणि संध्याकाळी दारात उभ्या असलेल्या म्हातारीला आज बाबा कुठे भेटले ते सांगत राहिले. फाटकावरची उलटतपासणीही थांबली नाही. उलट दरवर्षी नवी माणसं वाढत गेली, तसा भोंगा जास्त वेळा चुकू लागला. फक्त दर पितृपक्षात एका दुपारी ते रजा टाकत. कुठे जाता म्हणून मी कधी विचारलं नाही.

म्हातारी दोन वर्षांनी गेली, झोपेतच. मी पोचलो तेव्हा अंगणात बायका जमल्या होत्या आणि कुजबुज चालली होती. प्रश्न मोठा होता. सवाष्ण म्हणून न्यायची तर हिरवं लुगडं, हिरवा चुडा, मळवट, ओटी. नाहीतर नुसतं पांढरं. शेवटी पाटलीणबाई पुढे झाल्या. "शिवा, आता खरं सांग. बाप हाय का तुजा? सवाष्णीचं करायचं का न्हाई?"

"हाय," शिवरामभाऊ म्हणाले. "हिरवं आना."

गर्दीतून कुणीतरी त्यांचंच बोलणं त्यांच्यावर फेकलं, "नोंद हाय का?"

"हाय. नाशकाला हाय. भाऊसाहेब संगती व्हते, त्यास्नी इचारा."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. "आहे," मी म्हटलं. "मी स्वतः वाचलीय."

हिरवं लुगडं आलं. बायकांनी तिचा मळवट भरला. ज्या कधी तिला हळदीकुंकवाला बोलवत नसत, त्यांनीही पुढे होऊन तिच्या कपाळाचं कुंकू आपल्या कपाळाला लावून घेतलं. शिवरामभाऊ खांबाला टेकून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला रडू आवरेना.

अस्थी घेऊन आम्ही पुन्हा त्याच बोळात गेलो. उपाध्यांनी वही उघडली, नाव विचारलं. शिवरामभाऊ म्हणाले, "लिवा. सरूबाई, नवरा राणबा. अहेवपनी गेली."

उपाध्ये थांबले. वहीवर वाकून, वरच्या ओळींवर बोट ठेवत ते म्हणाले, "अहो, पण इथे वर तर..."

"वरलं वर ऱ्हाऊ द्या. त्ये बी खरं हाय. ह्ये खाली लिवा."

उपाध्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लिहिलं. सहीसाठी टाक पुढे केला. शिवरामभाऊंना सही येत होती. त्यांनी तीन रेघा काढल्या.

परत येताना मंचरच्या अलीकडे एस.टी. बंद पडली. शेजारच्या घरातल्या बाईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चहा आणून दिला. ओसरीच्या कोपऱ्यात जातं होतं. शिवरामभाऊ सवयीनं उठले, जात्यापाशी गेले, नमस्कार केला, वरची तळी उचलून बाजूला ठेवली आणि खालच्या तळीला हात घालून तसेच वाकून राहिले.

"आता सांगायचं कुनाला?" ते म्हणाले. आमच्या फाटकावर साऱ्या पिंपरीचे आजे जमा करणारा माणूस, पण त्या वेळी त्यांच्याइतकं एकटं मी कुणी पाहिलेलं नाही.

ते मागे सरले आणि ओसरीच्या कडेला माझ्याकडे पाठ करून बसले. मी उठलो. ती तळी उलटी केली आणि बघितली. दगड कोरा होता. मी बोटं फिरवली, पुन्हा बघितलं. काही नव्हतं.

"आहे, शिवरामभाऊ," मी म्हटलं. "इथे येऊन गेलेत बाबा."

जन्मभर सांगोवांगी न मानणारे शिवरामभाऊ वळून बघायला उठले नाहीत. "व्हय?" ते म्हणाले, आणि आपला कप उचलत म्हणाले, "मंग बसवा ती नीट. आन् च्या घ्या, निवतोय."